स्कूबा प्रशिक्षणात उपकरणांच्या भिन्न मांडण्यांचा परिचय केव्हा करून द्यावा? : कारधा येथील वैनगंगेच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : स्कूबा, उपकरण-मांडणी, अध्ययन संक्रमण, शोध व बचाव, वैनगंगा

प्रस्तावना

भंडारा शहरालगत, वैनगंगेच्या पैलतीरावर कारधा हे गाव वसलेले आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून या गावाचे नाव वारंवार येते, ते तेथील पुलाजवळ मोजल्या जाणाऱ्या पाणीपातळीमुळे. २४५.५० मीटर ही येथील धोक्याची पातळी होय. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरासह वरच्या अंगाच्या धरणांतून मोठा विसर्ग झाला तेव्हा नदीने ही पातळी ओलांडली आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. नदीच्या खालच्या अंगास पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. धरणात पाणी साठू लागल्यापासून त्याचा फुगवटा वरपर्यंत येतो आणि ज्या पात्रात एकेकाळी उन्हाळ्यात वाळू उघडी पडे, तेथे आता बराच काळ खोल, संथ व गढूळ पाणी असते.

अशा पाण्यात माणूस बुडाला म्हणजे पहिली हाक जाते ती नदीकाठच्या ढिवर समाजातील पोहणाऱ्यांना. श्वास रोखून तळ चाचपणे, गळ टाकणे, डोंग्यातून पात्र पालथे घालणे या त्यांच्या परंपरागत रीती आहेत आणि त्यांचे नदीचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात सापडणारे नाही. त्यानंतर जिल्ह्याचे शोध व बचाव पथक आणि गरज पडल्यास राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नागपूर येथील तुकडी पाचारण केली जाते. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ याच वैनगंगेत नाव उलटून महिला मजूर बुडाल्या, तेव्हाही अशा पथकांनाच नदी धुंडाळावी लागली.

पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली श्वास घेण्याची विद्या, म्हणजे स्कूबा, ही या कामी उपयोगी पडणारी विद्या आहे. महाराष्ट्रात तिचे शिक्षण मुख्यतः कोकण किनाऱ्यावर मिळते. मालवणजवळ तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तेथे अथवा अन्यत्र शिकणारा विद्यार्थी सामान्यतः पर्यटक पाणबुड्याचे साहित्य घेऊन शिकतो, तर नदीतील शोधकार्याचे साहित्य पुष्कळ अंशी निराळे असते. साहित्याचे हे निराळे प्रकार विद्यार्थ्यासमोर केव्हा आणावेत, असा प्रश्न यातून उभा राहतो. पहिल्याच आठवड्यात आणावेत, की पहिला प्रकार पूर्ण मुरल्यावर? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अध्ययनशास्त्राच्या अंगाने विचार केला आहे. प्रश्न पाण्याखालचा असला तरी कार्यशाळा, प्रयोगशाळा वा रुग्णशुश्रूषेचे शिक्षण देणाऱ्या कोणत्याही अध्यापकाला तो परका वाटू नये.

उपकरणे आणि त्यांच्या मांडण्या

स्कूबाचे आजचे रूप १९४३ मध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या मागणीनुसार हवा देणाऱ्या रेग्युलेटरपासून सुरू होते. त्यानंतर मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. सिलिंडरमधील दाबाखालची हवा दोन टप्प्यांत सौम्य होऊन पाणबुड्याच्या तोंडाशी येते आणि तिचा दाब भोवतालच्या पाण्याइतका राहतो. बदलत गेली ती भोवतालची सामग्री. पाण्यात ना वर जावे ना खाली, अशी समतोल अवस्था राखण्यासाठी हवा भरता व सोडता येणारे साधन आले. ते आधी गळ्याभोवती घालण्याच्या पट्ट्याच्या रूपात होते, पुढे १९७० च्या दशकात जाकिटाच्या रूपात आले. यालाच आज बीसीडी म्हणतात. तोंडातील रेग्युलेटरखेरीज जोडीदारासाठी एक जादा रेग्युलेटर आला. बहुधा पिवळ्या रंगाच्या या भागाला ऑक्टोपस हे नाव पडले.

आज प्रचलित असलेल्या मांडण्यांपैकी तीन-चार येथे विचारात घेणे पुरेसे आहे. पहिली, पर्यटन केंद्रांवर सर्वत्र दिसणारी जाकीट-मांडणी. हिच्यात हवेचा फुगा छाती-कुशीच्या बाजूंनीही पसरतो, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर विद्यार्थी सहज उभा तरंगतो. दुसरी पाठपट्टी व पंख यांची. हिच्यात पाठीवर धातूची पट्टी आणि तिच्यामागे हवेची पिशवी असते. छाती मोकळी राहते आणि पाण्याखाली शरीर आडवे ठेवणे सोपे जाते. मात्र पृष्ठभागावर अतिरिक्त हवा भरल्यास माणूस पुढे कलतो. ही मांडणी फ्लॉरिडातील गुहांमध्ये उतरणाऱ्या पाणबुड्यांनी घडवली. तिच्यासोबत सुमारे २.१ मीटर लांबीच्या नळीचा रेग्युलेटर वापरण्याची रीतही तेथूनच आली, आणि तिचे श्रेय सामान्यतः शेक एक्सली या गुहा-पाणबुड्याला दिले जाते. तिसरी, सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना बांधण्याची बाजू-मांडणी, जिचा उगम अरुंद व पाण्याने भरलेल्या गुहांत आहे. चौथा प्रकार म्हणजे पूर्णमुख मुखवटा. यात डोळे, नाक व तोंड एकाच आवरणात असतात. दूषित पाण्यात काम करणाऱ्यांना आणि किनाऱ्यावरील सहकाऱ्याशी बोलू इच्छिणाऱ्यांना तो उपयुक्त ठरतो.

यांपैकी श्रेष्ठ कोणती, यावर पाणबुड्यांत अटीतटीचे वाद चालतात. त्या वादात शिरण्याचे प्रयोजन येथे नाही. प्रत्येक मांडणी कोणत्या तरी विशिष्ट पाण्यासाठी जन्मली आणि तेथे ती योग्यच आहे.

अध्ययन संक्रमणाचा दाखला

शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला थॉर्नडाइक व वुडवर्थ यांची १९०१ मधील समान घटकांची उपपत्ती परिचित असते. पहिल्या व दुसऱ्या कामात जेवढे घटक समान, तेवढे एकाचे अध्ययन दुसऱ्यात उतरते, असा तिचा आशय आहे. या उपपत्तीवर विसंबले तर उत्तर सोपे होईल. जाकीट आणि पंख यांत नव्वद टक्के गोष्टी सारख्याच दिसतात, तेव्हा केव्हाही शिकवा, संक्रमण होईलच.

परंतु चार्ल्स ऑसगुड यांनी १९४९ मध्ये संक्रमणाची जी मांडणी केली, ती या सोप्या उत्तराला छेद देते. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की उद्दीपक नवा पण प्रतिसाद जुनाच असेल तर धन संक्रमण होते. उलट उद्दीपक तोच पण प्रतिसाद नवा मागितला गेला तर ऋण संक्रमण होते. जुना प्रतिसाद नव्याच्या आड येतो. ज्या शिक्षकाने डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या देशात जाऊन गाडी चालवली असेल, त्याला वळण-दिव्याऐवजी काच पुसणारे दांडे कसे सुरू होतात हे सांगावे लागणार नाही. रस्ता तोच, वळण तेच, हात मात्र जुन्या जागी जातो.

पाण्याखाली याच घटनेची किंमत वेगळी असते. जोडीदाराची हवा संपली, त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवून खूण केली. हा उद्दीपक होय. जाकीट-मांडणीत शिकलेला विद्यार्थी छातीवर अडकवलेला पिवळा ऑक्टोपस काढून देतो आणि स्वतःचा रेग्युलेटर तोंडातच ठेवतो. लांब नळीच्या मांडणीत याच खुणेला उलटा प्रतिसाद अपेक्षित असतो. तोंडातील रेग्युलेटर काढून जोडीदाराला द्यायचा आणि हनुवटीखाली गळ्यात अडकवलेला दुसरा स्वतःच्या तोंडात घ्यायचा. या रीतीचे समर्थक सांगतात की घाबरलेला माणूस असाही समोरच्याच्या तोंडातील रेग्युलेटर ओढतो, तेव्हा तोच देणे शहाणपणाचे. युक्तिवाद बिनतोड आहे. पण ज्याच्या हातांना पहिली रीत अर्धवट आणि दुसरी रीतही अर्धवट ठाऊक आहे, असा विद्यार्थी त्या क्षणी काय करील? तो थांबून विचार करील, आणि नुकताच श्वास सोडलेल्या जोडीदाराजवळ या विचारासाठी काही सेकंदांपलीकडे वेळ नसतो.

मनोरंजनार्थ पाणबुडी करताना झालेल्या मृत्यूंचा डेनोबल व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यांनी ९४७ घटना तपासल्या. ज्या घटनांत आपत्तीची सुरुवात ओळखता आली, त्यांपैकी ४१ टक्क्यांत ती श्वसनवायू अपुरा पडण्याने, २० टक्क्यांत अडकून पडण्याने आणि १५ टक्क्यांत उपकरणाच्या अडचणीने झाली होती. उपकरण मोडल्यामुळे ओढवणाऱ्या आपत्तींपेक्षा हवा संपणे व अडकणे यांचे प्रमाण कितीतरी अधिक आहे, आणि नेमक्या याच दोन प्रसंगी मांडणीगणिक हातांची हालचाल बदलते.

फरकाचे दोन प्रकार

वरील विवेचनावरून एक कसोटी हाती येते. दोन मांडण्यांतील फरक पाहताना दिसण्यातील वेगळेपण किती आहे, हे विचारू नये. एकाच संकटाला द्यावयाचा प्रतिसाद बदलतो का, हे विचारावे.

पायातील फिन्स रुंद असोत वा चिरलेल्या, मुखवट्याला एक काच असो वा दोन, जाकिटाचे माप व कंपनी कोणतीही असो, संकटसमयीचा प्रतिसाद तोच राहतो. मुखवट्यात पाणी शिरले तर वरची कड दाबून नाकाने श्वास सोडायचा. यात काचेच्या संख्येने फरक पडत नाही. असे प्रकार पहिल्या दिवसापासून आलटून पालटून दिल्यास हानी नाही, उलट लाभच आहे. विद्यार्थी एका वस्तूला चिकटून राहत नाही. भाड्याने मिळणारे साहित्य रोज सारखेच असेल असेही नाही, त्यामुळे व्यवहारातही ही सवय उपयोगी पडते.

वजने टाकण्याची पद्धत मात्र दुसऱ्या वर्गात मोडते. कमरेच्या वजनपट्ट्याचे बक्कल एका हाताने उघडून पट्टा दूर धरून सोडायचा असतो. जाकिटात खिशांत वजने असतील तर दोन मुठी ओढून दोन कप्पे मोकळे करायचे असतात. पोलादी पाठपट्टीचे वजन तर टाकताच येत नाही. मृत्युमुखी पडलेले अनेक पाणबुडे वजनांसह सापडतात, ही नोंद या क्षेत्रात जुनी आहे. पट्टा शोधणारा हात खिशांकडे वळत नाही, हे त्यामागील एकमेव कारण खचितच नव्हे, परंतु प्रशिक्षकाच्या हाती असलेल्या कारणांपैकी ते एक आहे. हवा सोडण्याच्या झडपेचेही तसेच आहे. हवा भरण्याची कळ बहुतेक मांडण्यांत डाव्या खांद्यावरून येते आणि तेवढ्यापुरते धन संक्रमण होते; पण झटकन हवा सोडण्याची दोरी कोठे खांद्यावर, कोठे कमरेमागे असते. नको तेव्हा वर खेचल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती न सापडणे म्हणजे फुप्फुसांना इजा होण्याचा धोका ओढवणे होय.

पूर्णमुख मुखवटा हा या वर्गातील सर्वांत टोकाचा नमुना. साध्या मांडणीत रेग्युलेटर तोंडातून निसटला तर उजवा हात मागून पुढे फिरवून नळी शोधण्याचा सराव विद्यार्थ्याकडून पुनःपुन्हा करून घेतला जातो. पूर्णमुख मुखवट्यात हा सराव निरर्थक ठरतो. तेथे हवा बंद पडल्यास संपूर्ण मुखवटा काढून, चेहऱ्यावर आलेल्या पाण्याचा धक्का सोसून, जादा रेग्युलेटर तोंडात घ्यावा लागतो आणि मग खिशातील साधा मुखवटा चढवावा लागतो.

एक आक्षेप

या कसोटीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. रिचर्ड श्मिट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या आराखडा-उपपत्तीनुसार सरावात वैविध्य असेल तर शिकणाऱ्याच्या मनात व्यापक आराखडा तयार होतो आणि तो नव्या परिस्थितीत अधिक टिकतो. शे व मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगातही कामे मिसळून सराव करणाऱ्यांची तात्कालिक प्रगती मंद दिसली, पण नंतरच्या चाचणीत तेच सरस ठरले. मग प्रारंभीच सर्व मांडण्या मिसळून का शिकवू नयेत?

हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. तथापि दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. मिसळ-सरावाचा लाभ सरावकाळातील अधिक चुका सोसल्यावर मिळतो. प्रयोगशाळेत चुकेची किंमत एक गुण असते. पाण्याखाली ती तशी नसते. दुसरे असे की आराखडा बनतो तो एकाच प्रकारच्या कृतीच्या मापांचा, उदाहरणार्थ चेंडू किती दूर फेकावा याचा. तोंडातील रेग्युलेटर द्यावा की छातीवरचा, ही मापाची बाब नसून निवडीची आहे आणि निवड जितकी रुंद तितका निर्णयास वेळ अधिक लागतो. म्हणून वैविध्य हवेच, पण ते पहिल्या वर्गातील फरकांत आणि परिस्थितीत असावे. उथळ-खोल, उजेड-अंधार, स्थिर-वाहते अशा निरनिराळ्या परिस्थितींत एकाच मांडणीचा सराव झाला, तर आराखडाही बनतो आणि निवडीचा गोंधळही टळतो.

फिट्स व पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्यग्रहणाच्या ज्या तीन अवस्था सांगितल्या, त्यांपैकी शेवटच्या, स्वयंचलित अवस्थेपर्यंत पहिल्या मांडणीतील संकट-प्रतिसाद पोचला आहे की नाही, हे पाहण्याचा मार्ग अवघड नाही. विद्यार्थ्याला दुसऱ्याच कामात गुंतवावे, उदाहरणार्थ दोरीला गाठ मारण्यास सांगावे आणि पूर्वसूचना न देता हवा संपल्याची खूण करावी. हात न चाचपता योग्य जागी गेला आणि शरीराची खोली ढळली नाही, तर दुसऱ्या मांडणीचा विचार करण्यास हरकत नाही. तासांची वा बुड्यांची ठराविक संख्या सांगण्यापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वसनीय वाटते. केवळ प्रमाणपत्र हाती आले म्हणून ही अवस्था आली असे समजणे धाडसाचे होईल, कारण प्रारंभिक अभ्यासक्रमात खुल्या पाण्यातील बुड्या मोजक्याच असतात.

वैनगंगेचे पाणी

आता कारध्याकडे वळणे आवश्यक आहे, कारण येथे मांडणीसोबत पाणीही बदलते.

गॉडन व बॅडली यांचा १९७५ मधील प्रयोग मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळतो. स्कॉटलंडमधील पाणबुड्यांनी काही शब्द काठावर व काही पाण्याखाली पाठ केले. जेथे पाठ केले तेथेच आठवण्यास सांगितल्यावर त्यांना अधिक शब्द आठवले. यावरून 'पाण्यात वापरायचे ते पाण्यातच शिकवा' असा निष्कर्ष सरसकट काढला जातो. परंतु त्याच संशोधकांना १९८० मध्ये शब्द आठवण्याऐवजी केवळ ओळखण्याच्या कामात हा परिणाम आढळला नाही आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनःप्रयोगातही मूळ निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही. पाठ्यपुस्तकातील हा दाखला अध्यापकांनी आता जपून वापरावा हे बरे. शब्द पाठ करण्यावरून हातांच्या कौशल्याविषयी फार काही सांगता येत नाही, हेही आहेच.

तारकर्लीच्या समुद्रातून वैनगंगेत येणाऱ्या विद्यार्थ्यापुढील बदल याहून ढोबळ व भौतिक आहेत. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. साहित्यासह १०० किलोग्रॅम भरणारा पाणबुडा समुद्रात समतोल असेल, तर तोच नदीत जवळपास २.४ किलोग्रॅमने जड होतो आणि चिखलात बसतो. तेव्हा तितकी वजने काढावी लागतात. मात्र त्याच वेळी त्याचे जाकीट काढून पोलादी पाठपट्टी दिली, तर हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो आणि जडपणा पाण्यामुळे आला की पट्टीमुळे, हे विद्यार्थ्याला कळत नाही. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपेक्षा उंच जलाशयात बुडीच्या वेळापत्रकात दुरुस्ती करावी लागते. कारधा त्या मर्यादेच्या आत असल्याने निदान तो एक बदल वाचतो.

दृश्यमानता हा दुसरा बदल. पर्यटकाची मांडणी डोळ्यांच्या भरवशावर रचलेली असते. ऑक्टोपस पिवळा असतो तो दिसावा म्हणून. पुराच्या गढूळ पाण्यात पिवळा रंग आणि काळा रंग यांत काही फरक उरत नाही. तेथे केवळ स्पर्श उरतो, म्हणून प्रत्येक वस्तू हाताला तिच्याच जागी लागली पाहिजे. लोंबणाऱ्या नळ्या समुद्रातील मोकळ्या पाण्यात एक वेळ चालतील, पण पात्रात मासेमारीची जुनी जाळी, बुडालेली झाडे आणि जलपर्णीच्या मुळांचे गुंते असतात. अंगालगत बसणाऱ्या, मोकळ्या टोकांच्या नसलेल्या मांडणीचे महत्त्व येथे पटते. शिवाय खालच्या अंगास आंभोरा येथे कन्हान नदी वैनगंगेस मिळते आणि तिच्यातून नागपूरच्या नाग नदीचे सांडपाणी गोसीखुर्दच्या जलाशयात येते. अशा पाण्यात चेहरा उघडा ठेवून तासन्‌तास शोध घेणे आरोग्यास घातक आहे. तेथे पूर्णमुख मुखवटा आवश्यकच ठरतो.

नदीत काम करणाऱ्याला शेवटी निराळ्या मांडणीकडे जावेच लागते, हे यावरून स्पष्ट होते. प्रश्न क्रमाचा आहे. आणि क्रमाविषयी पहिले बंधन हे की पाणी व मांडणी एकाच दिवशी बदलू नयेत. परिचित मांडणी घेऊन अपरिचित पाण्यात उतरावे, किंवा अपरिचित मांडणी घेऊन परिचित पाण्यात. मनोरंजनार्थ पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आयएसओ २४८०१ या आंतरराष्ट्रीय मानकातही स्वतंत्रपणे बुडी घेण्यास पात्र ठरलेल्या व्यक्तीला परिस्थिती लक्षणीय भिन्न असल्यास जाणत्या मार्गदर्शकाकडून परिचय करून घेण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. बचाव पथकांच्या बाबतीत हा नियम पाळणे अवघड जाते, कारण नदी सवड पाहून माणसे गिळत नाही. म्हणूनच तयारी आधीच्या महिन्यांत व्हावी लागते.

ध्येय ठाऊक असलेला विद्यार्थी

येथवरचा विचार पुढे कोठे उतरणार हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला लागू पडतो. ज्याला नदीतच काम करायचे आहे हे पहिल्या दिवशीच निश्चित आहे, अशा शिपायाला किंवा ढिवर तरुणाला आधी पर्यटकाचे जाकीट शिकवून मग ते विसरायला लावणे हे ऋण संक्रमण हाताने निर्माण करण्यासारखे आहे. त्याने प्रारंभापासूनच पाठपट्टी, पंख आणि पथकात सर्वांसाठी ठरलेली हवा देण्याची एकच रीत शिकावी. पथकातील निम्मे सदस्य एका रीतीचे व निम्मे दुसऱ्या रीतीचे असणे हे एखाद्याच्या अपुऱ्या सरावाहून अधिक घातक आहे. मांडणी कोणती निवडावी याविषयी मतभेद असू शकतात, ती एकच असावी याविषयी असू नयेत.

मग याच न्यायाने पूर्णमुख मुखवटाही पहिल्याच दिवशी का देऊ नये? येथे मात्र उत्तर नकारार्थी द्यावे लागते. मुखवटा निकामी झाल्यावर पाणबुडा ज्या अवस्थेत येतो, ती साधा रेग्युलेटर व साधा मुखवटा यांची अवस्था असते. ज्या साधनावर संकटात परतायचे, ते आधी पक्के झालेले असले पाहिजे. पंखाकडून संकटात कोणी जाकिटाकडे परतत नाही, त्यामुळे जाकीट ही पंखाची पूर्वपायरी ठरत नाही. साधा मुखवटा ही पूर्णमुख मुखवट्याची पूर्वपायरी ठरते. बाजू-मांडणीचेही असेच. एका सिलिंडरची हवा मोजण्याचा अंगवळणी पडलेला क्रम दोन सिलिंडर आलटून पालटून वापरताना आधार देतो, म्हणून ती सर्वांत शेवटी शिकवणे योग्य. वैनगंगेच्या कामात तिची गरज क्वचितच भासेल.

किनाऱ्यावरील सहकाऱ्याच्या हाती असलेली दोरी आणि तिच्या ओढींच्या खुणा ही बाब निराळी आहे. ही दोरी कोणत्याही जुन्या प्रतिसादाची जागा घेत नाही, ती भर घालते. तेव्हा तिचा सराव अगदी आरंभी, कोरड्या जमिनीवर डोळ्यांवर पट्टी बांधून सुरू करता येतो. ढिवर तरुणांना दोरी, गाठी व प्रवाहाचा अंदाज हे आधीच अवगत असल्याने या भागात ते प्रशिक्षकांनाही चार गोष्टी शिकवू शकतील. त्यांना एकच गोष्ट प्रयत्नपूर्वक सोडावी लागेल, ती म्हणजे श्वास रोखण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. दाबाखालची हवा घेतल्यावर श्वास रोखून वर येणे हा स्कूबातील सर्वांत मोठा अपराध आहे, आणि श्वास रोखून बुडी मारणाऱ्याच्या बाबतीत पाण्यात शिरणे हाच श्वास रोखण्याचा उद्दीपक झालेला असतो. ऑसगुड यांच्या मांडणीचे याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण.

दाखविणे आणि हाती देणे

एका गैरसमजाचे निराकरण येथे करणे इष्ट आहे. मांडण्यांचा परिचय उशिरा करावा याचा अर्थ त्या विद्यार्थ्यापासून लपवून ठेवाव्यात असा नाही. पहिल्या वर्गाच्या तासालाच टेबलावर तिन्ही-चारही मांडण्या ठेवाव्यात, प्रत्येक कोणत्या पाण्यासाठी घडली हे सांगावे. जोडीदार निराळ्या साहित्याने आला तर त्याचा जादा रेग्युलेटर कोठे आहे आणि वजने कशी सुटतात, हे बुडीपूर्व तपासणीत विचारण्याची सवय लावावी. हे ज्ञान आहे, सवय नव्हे; ते हातांच्या आड येत नाही. काही प्रशिक्षक पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याला हौसेने नवनवे साहित्य घालून पाण्यात सोडतात. हौस समजण्यासारखी आहे, परंतु तिचा लाभ प्रशिक्षकाच्या लोकप्रियतेला अधिक होतो.

भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर ऋतुमानाने एक वेळापत्रक आपोआप आखून दिलेले आहे. हिवाळ्यात जलतरण तलावात पहिल्या मांडणीचा सराव व्हावा. उन्हाळ्यापूर्वी, माजी मालगुजारी तलावांपैकी पुरेसे पाणी असलेल्या एखाद्या स्थिर जलाशयात तीच मांडणी घेऊन अंधुक पाण्याचा अनुभव घ्यावा. मांडणी बदलायची असल्यास त्यासाठी पुन्हा जलतरण तलावात परतावे. वर सांगितलेली गाठ मारण्याची परीक्षा नव्या मांडणीत नव्याने घ्यावी आणि तीत उतरल्यावरच मे महिन्यात कारध्याच्या संथ फुगवट्यात दोरीसह उतरावे. मृग लागल्यानंतर नदी चढू लागते. त्या काळात कोणाचीही मांडणी बदलू नये, मग नवे साहित्य त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन पडले असले तरीही.

प्रत्येक पाणबुडा बुडीची नोंदवही ठेवतो. तीत खोली, वेळ व शिल्लक हवा यांचे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी मांडणीचा एक रकाना घालावा आणि हवा देण्याची रीत, वजने टाकण्याची पद्धत, मुखवट्याचा प्रकार हे तीन तपशील त्यात लिहावेत. म्हणजे पुलाखाली दोरी धरून बसलेल्या सहकाऱ्याला, पाण्यात उतरणाऱ्याने आज अंगावर असलेली मांडणी यापूर्वी कितीदा आणि कोणत्या पाण्यात वापरली आहे, हे उतरण्यापूर्वीच पाहता येईल.